नाही-नाही म्हणणारा मासा

प्रिय बेडकी,

पाकीट बघून घाबरू नकोस. सगळं ठीक आहे. गोळ्या घेतल्या, रक्तदाब मोजून घेतला, पाणी भरपूर पितोय आणि न्हाणीघरात तू बसवून दिलेला दांडा धरूनच आत जातो. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण फोनवर आपलं बोलणं याच्यापुढे सरकतच नाही. मी म्हणतो, "अगं ऐक ना," आणि तू म्हणतेस, "बाबा, सकाळची गोळी घेतली का?" मग काय, ऐकून घेणं माझ्याच वाट्याला येतं. पत्रात मला मध्येच तोडायची तुझी सोय नाही. म्हणून दुपारचा चहा करून खिडकीजवळच्या टेबलाशी बसलोय. चहा मीच केला. डाव्या हातात कप अजून टिकत नाही, पण साखरेचा डबा पोटाशी धरून उजव्या हाताने झाकण काढायची युक्ती जमली आहे. सदऱ्यावर थोडी साखर सांडते, तेवढं चालायचंच.

रविवारी तू म्हणालीस की तुझ्या त्या यंत्राच्या माशाबरोबर जहाजावर तुझ्या प्रयोगशाळेतला तो उंच पोरगा, आपला शिडी, जाणार आहे, तू नाहीस. इतक्या सहज म्हणालीस, जणू कोपऱ्यावरून दूध कोणी आणायचं ते ठरतंय. मी विचारलं, का गं? तर म्हणे, इथे प्रयोगशाळेतही कोणीतरी लागतंच ना. मी बरं म्हटलं. पण मला ते पटलं नाही, आणि मला पटलेलं नाही हे तुलाही कळलं असणार, कारण लगेच गोळ्यांचा विषय निघाला. तो शिडी पोरगा चांगला आहे. आपल्या दारातून वाकून आत येतो, बशीत चहा ओतून पितो, मला आवडतो. पण मासा त्याचा नाही. ज्या माशासाठी तू सणवार बघितले नाहीस, लग्नकार्यं चुकवलीस, मावशीचा रुसवा ओढवून घेतलास, तो पहिल्यांदा खऱ्या समुद्रात उतरणार आणि तू घरी बसून त्याचे फोटो बघणार, हे गणित काही जुळत नाही. असो. त्याच्याकडे येतोच. आधी मला माझ्या पद्धतीने लांबण लावू दे.

माझा सगळा जन्म बोटींच्या पंख्यांत गेला. धक्क्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी इंजिनं उघडली, वाकलेली पाती ठोकून आकारात आणली. आणि त्याहून जास्त वेळ गेला तो पंख्यात अडकलेलं सोडवण्यात. जाळ्यांचे तुकडे, नायलॉनच्या दोऱ्या, गोणपाट, एकदा तर कोणाची तरी सबंध विजार. आणि गवत. समुद्रातलं ते लांबलचक चिवट गवत पंख्याला असं गुंडाळलं जायचं की सुरीने कापून काढताना नाकी नऊ यायचे. घरी येऊन हात धुताना मी रोज त्याच्या नावाने कुरकुर करायचो आणि तू उंबऱ्यावर बसून ऐकायचीस. एक दिवस तू विचारलंस, मग मासे गवतात कसे अडकत नाहीत? मी म्हटलं, त्यांना पंखा नसतो म्हणून, आणि जेवायला बसलो. मला वाटलं विषय संपला. तो तुझं शिक्षण, नोकरी आणि झोप खाऊन टाकणार आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

पुढे तू बिनपंख्याचं यंत्र बनवायला निघालीस तेव्हा धक्क्यावर मित्रांनी माझी काय खेचली म्हणून सांगू! पंखेवाल्याच्या घरात फितुरी, असं म्हणून रोज चहा माझ्याकडूनच उकळायचे. मीही वर तोंड करून सांगायचो की पोरगी गवतातून जाणारं यंत्र बनवते आहे, समुद्राच्या तळाशी गवताची कुरणं आहेत, त्यात माशांची पिल्लं वाढतात, तिथे तुमच्या बोटी गेल्या की गाळ उठतो, आवाजाने सगळं पळून जातं, मग बघणार काय, डोंबल? माशासारखं शेपूट हलवत गेलं तर कोणाला पत्ता लागत नाही. हे सगळं तुझंच पाठ केलेलं होतं. आतून मला खात्री नव्हती. रबराची शेपटी हलवून कोणी पुढे जातं का, असं मला वाटायचं.

पहिला मासा दाखवायला तू मला प्रयोगशाळेत नेलंस तो दिवस आठवतो? लांबलचक काचेची टाकी, जमिनीवर वायरींचं जंजाळ, रबराचा वास आणि तेलाचा. तेलाच्या वासाने मला जरा घरच्यासारखं वाटलं. मासा माझ्या हाताएवढा, करड्या रंगाचा, नाकात कॅमेरा, पोटात मोटर. तू त्याला पाण्यात सोडलंस, शिडीने बटण दाबलं, आणि त्याने शेपूट उजवीकडे मारलं तसं डोकं डावीकडे गेलं. शेपूट डावीकडे, डोकं उजवीकडे. जागचा हलला नाही पठ्ठ्या, नुसता नाही-नाही म्हणत राहिला. जणू त्याला कोणी पोहायचा आग्रह करतंय आणि तो साफ नकार देतोय. पडद्यावर त्याला दिसणारं चित्र इतकं डुगडुगत होतं की बघून मला गरगरायला लागलं. शिडी हसला, मी हसलो. तू मात्र नख कुरतडत उभी होतीस, अगदी शाळेत निकालाच्या दिवशी राहायचीस तशी.

मग मी सल्ला दिला. सल्ला द्यायला माझं काय जातं? म्हटलं, डोकं हलतंय ना, मग नाकात शिसं भरा, जड झालं की गप्प बसेल. तुम्ही खरंच भरलंत. मासा टाकीच्या तळाशी जाऊन शीर्षासनात उभा राहिला आणि तिथूनही नाही-नाही म्हणू लागला. माझं ऐकलंत ही तुमची चूक. त्यावर मी सुचवलं की मागे एक छोटासा पंखा लावून टाका, कोणाला कळणार नाही. त्या दिवशी तू माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाहीस.

तेव्हा तुझी आई असायला हवी होती असं फार वाटलं. तिला पाणी कळायचं. तू पाच वर्षांची असताना तिने तुला शहरातल्या तलावात पोहायला शिकवलं. बेडकासारखे पाय मारायचीस, म्हणून तू बेडकी झालीस ती कायमची. तुम्ही दोघी पाण्यात आणि मी काठावरच्या लाकडी बाकावर, मांडीवर दोन टॉवेल घेऊन. धक्क्यावर काम करणारा माणूस आणि पोहता येत नाही, यावरून तिने मला आयुष्यभर छळलं. मी म्हणायचो, टॉवेल धरायला कोणीतरी नको का? तिलाही ते पटायचं, कारण बाहेर आल्यावर ती काही न बोलता माझ्यापुढे पाठ करून उभी राहायची आणि मी टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकायचो. तिची आठवण मला बहुतेक वेळा अशी पाठमोरीच येते.

तर तुझा मासा. पहिली शेपटी फार मऊ निघाली, ओल्या फडक्यासारखी नुसती लडबडायची. दुसरी इतकी ताठ की बुडाशी तुटली. त्या वर्षभरात तुझा फोन आला की आवाजावरून मला कळायचं, आज कितवी शेपटी मेली. आणि मग एक दिवस तू धावत पळत घरी आलीस, चपला तशाच, आणि जेवणाच्या टेबलावर रुमाल पसरून मला दाखवायला लागलीस. आपण सगळे शेपटीकडे बघत बसलो, म्हणालीस, खरी गोष्ट पुढे आहे. मासा डोक्यापासून हलत नाही. डोक्याच्या मागून एक लाट निघते, सुरुवातीला अगदी बारीक, आणि मागे जाता जाता मोठी होते. पुढचं अंग उंच आणि भरदार ठेवायचं, पाठीवर पर लावायचा, म्हणजे डोक्याला डुलायला पाणीच आडवं येतं. आणि शेपटी बुडाशी जाड, टोकाशी पातळ. मला निम्मं कळलं. पण तुझ्या तोंडावरचा आनंद सबंध कळला.

त्यानंतर टाकीशी उभा राहून मी जे पाहिलं, त्याबद्दल तुला कधी नीट बोललो नाही. तू शेपटीजवळ निळी शाई सोडलीस. मासा निघाला, डोकं स्थिर, गंभीर चेहऱ्याने ऑफिसला निघालेल्या माणसासारखा. आणि मागे शाईचे भोवरे, एक इकडे फिरणारा, एक तिकडे फिरणारा, दोन ओळींत, आणि त्यांच्या मधून पाणी सरळ मागे ढकललं जात होतं. पंख्यामागचं पाणी मी जन्मभर पाहिलं आहे, ते दोरखंडासारखं पीळ घेत जातं आणि तळ ढवळून काढतं. तुझ्या माशाने तळाच्या वाळूचा कणही उठवला नाही. पंख्याचा माणूस असूनही मला ते फार सुंदर वाटलं. तेव्हा मात्र नुसता खोकलो. तू मला पाणी आणून दिलंस.

आणि मग माझीच डावी बाजू संपावर गेली. त्या दिवसांचं पुन्हा काय लिहायचं, तू तिथेच होतीस. तू मला भरवलंस, उठवलंस, माझ्या दाढीवर ब्लेड फिरवताना जीभ बाहेर काढून एकाग्र झालीस. मला आवडत नव्हतं असं नाही. लाजही वाटत होती आणि बरंही वाटत होतं. पण बरा होऊन घरी आल्यावरही तू दर शुक्रवारी बसचे चार तास काढून येतेस, शनिवारी डबे भरतेस, रविवारी झोपाळू डोळ्यांनी परत जातेस. बसमध्ये मांडीवर लॅपटॉप उघडून माशाचं काम करतेस, हे मला शिडीने सांगितलं. मी तुला येऊ नकोस म्हणालो तर तू रागावतेस. शुक्रवारी बेल वाजली की मी काठी विसरून दाराकडे निघतो, हेही खरं आहे.

आता एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवली होती, ती सांगतो. आधी पाणी पी. तलावावर जातोय मी. आठवड्यातून दोनदा, आपल्याच त्या तलावावर. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनीच सुचवलं की पाण्यात शरीर हलकं होतं, पाय लवकर कामाला लागतो. बाई म्हणजे तुझ्याहून लहान मुलगी आहे, पण गळ्यात शिट्टी आणि आवाज असा की मी तिचं नाव हवालदारीण ठेवलंय. तुला सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून काठावर येऊन उभी राहिली असतीस. माझ्याबरोबर खालच्या मजल्यावरचे न्हावी येतात, रिक्षाने नेतात आणि आणतात, म्हणून निर्धास्त राहा. त्यांना गुडघेदुखी आहे. पाण्यात छातीइतके उभे राहून ते मला सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगतात.

पहिले कित्येक दिवस माझी पार शोभा झाली. हातात फळी धरून पाय मारायचे, एवढंच काम. पण उजवा पाय मारतो आणि डावा नुसता मागून येतो. दोन इंजिनांच्या बोटीचं एक इंजिन बंद पडलं की ती जागच्या जागी गोल फिरते, तसा मी गोल फिरायचो. न्हाव्यांशी टक्कर, काठाशी टक्कर, एकदा हवालदारणीशीच. ती म्हणाली, "काका, डावा पाय मारा, डावा!" मी म्हटलं, "बाई, त्याला सांगून दमलो, आता तुम्हीच सांगून बघा." घरी येऊन मी खुर्चीत बसलो तेव्हा फार खट्टू झालो होतो. तुझ्या फोनवर मात्र आवाज ठणठणीत ठेवला.

दारापाशी तुझी ती पहिली मऊ शेपटी पडलेली असते, शिडी आठवण म्हणून देऊन गेला होता ती. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी ती खाली अडकवतो. त्या दिवशी तिच्याकडे बघत बसलो होतो आणि एकदम डोक्यात आलं की माशाला कुठे दोन पाय असतात! दोन इंजिनं नसतीलच तर एक बंद पडायचा प्रश्न कुठे येतो? पुढच्या खेपेला मी हवालदारणीला म्हटलं, माझे दोन्ही पाय एकत्र बांधा. तिचे डोळेच पांढरे झाले. म्हणाली, "काका, पाय बांधून पाण्यात सोडलं तर माझी नोकरी जाईल आणि तुम्हीही जाल." मी तिला तुझा मासा समजावून सांगितला. रुमाल नव्हता म्हणून टॉवेलवर दाखवला. न्हाव्यांनीही माझी बाजू घेतली, अर्थात त्यांना काही कळलं नव्हतं. शेवटी तिने घोट्यांना एक मऊ पट्टा लावला, ओढला की सुटेल असा, मला उथळ भागात नेलं, आणि पूर्ण वेळ पोटाखाली हात धरून चालली.

आणि सांगू काय झालं? मी सगळा जोर पायांत लावला, आणि पाय खाली गेले तसं डोकं वर आलं, पाय वर तसं डोकं पाण्यात. नाकातोंडात पाणी, ठसका, आणि जागचा हललो नाही. तुझा मासा नाही-नाही म्हणायचा, मी हो-हो म्हणत होतो. माशाची शेपटी आडवी हलते आणि माझी वर-खाली, एवढाच फरक. तू म्हणशील, बाबा, ती देवमाशाची पद्धत. असू दे. मी तिथे ठसकत उभा राहून इतका हसलो की हवालदारीण घाबरली. कारण पुढे काय करायचं ते मला ठाऊक होतं. ते शोधायला तुला वर्ष लागलं, मला फुकटात मिळालं. डोकं हातांच्या मध्ये गप्प ठेवायचं. पायांना विसरायचं. छातीच्या खालून एक बारीक लाट सोडायची आणि तिला मागे जाऊ द्यायचं, पोटातून, कमरेतून, मोठी होत होत. डावा पाय उजव्याच्या खांद्याला खांदा लावून नुसता बरोबर जातो. संप चालूच आहे, पण मिरवणुकीत सामील झालाय.

जमायला बरेच दिवस गेले. फळी अजून हातात असते, ते कबूल करतो. पण काल मंगळवारी हवालदारणीने पोटाखालचा हात काढून घेतला आणि मला सांगितलंच नाही. मी आपला खाली निळ्या फरशा बघत चाललो होतो, एक गेली, पुढची आली, आणि फळी टणकन कशावर तरी आपटली. मला वाटलं न्हावी. मान वर केली तर काठ होता. समोरचा काठ. लांबीचा नाही गं, रुंदीचाच, उथळ बाजूचा, पण पलीकडचा. मागे वळून बघितलं तर ती दोघं तिथे, मधे सगळं पाणी, आणि हवालदारीण शिट्टी वाजवायचीही विसरली होती. मी काठ धरून उभा राहिलो आणि समोरच तो लाकडी बाक होता. रंग नवा दिलाय, बाकी तोच. माझा टॉवेल त्यावर एकटाच पडला होता. तुझ्या आईची इतकी आठवण आली की तोंड पुन्हा पाण्यात घातलं. ओल्या तोंडावर काही कळत नाही, ही पाण्याची मोठी सोय आहे.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगतो. सोमवारी शिडी आला होता. कपाट सरकवून देतो म्हणाला, सरकवून दिलं, आणि बशीत चहा ओतता ओतता बोलून गेला की जहाजासाठी नाव तुझंच निघालं होतं आणि तू साहेबांना सांगितलंस, वडिलांना एकटं टाकून चार महिने जाता येणार नाही. मग जीभ चावली बिचाऱ्याने. त्याच्यावर डाफरू नकोस, त्यालाही तुझ्या जागी जायचं नाहीये. म्हणाला, साहेबांनी महिनाअखेरपर्यंत यादी उघडी ठेवली आहे. आणि मग मंगळवारी मी तलावावर गेलो. बेडके, मला एकट्याला चालतं असं मी म्हणत नाही, मला तुझ्याशिवाय अजिबात करमत नाही. पण चार महिने मी निभावून नेईन, हे आता नुसतं म्हणत नाही, करून दाखवलंय. शिवाय तुझी आत्या राहायला यायला तयार आहे. चार महिने मी तिची बोलणी खाणार आहे, म्हणजे बघ मी तुझ्या माशासाठी काय सोसायला निघालोय! तुझ्या माशाने नाही-नाही म्हणणं सोडून दिलं, तूही सोड. साहेबांकडे जा आणि मान वर-खाली हलव. मी करून बघितलंय, जरा ठसका लागतो, पण जमतं. तुझा मासा गवतात शिरेल तेव्हा त्याच्या मागचं पाणी बघ आणि मला कळव, वाळू उठली का नाही ते. आणि परत आलीस की घरी येऊ नकोस, सरळ तलावावर ये. त्या बाकावर बस, टॉवेल मांडीवर घे. मी पलीकडच्या काठावरून निघेन.

तुझाच, एका शेपटीवर चालणारा,
बाबा